राखण आणि पाळत

मराठीत ‘राखण’ आणि ‘पाळत’ हे दोन शब्द अर्थाने शेजारी शेजारी राहतात, पण त्यांचे फारसे पटत नाही. राखण शेताची होते, पाळत संशयितावर ठेवली जाते. राखणदार मचाणावर उघड बसतो, हाळी देतो, गोफण फिरवतो. तो तिथे आहे हे पाखरांनाही ठाऊक असते. पाळत ठेवणारा दिसला की त्याचे काम संपले. मुलांच्या हाती मोबाइल आल्यापासून आपल्या घरांत जो उद्योग चालतो, तो यांपैकी कोणता, हा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो.

वीस वर्षांपूर्वी पालकांना एक सल्ला हमखास दिला जाई : संगणक दिवाणखान्यात ठेवा. सल्ला चांगला होता, कारण त्यात राखण होती. येता-जाता दिसत असे, आणि आपण दिसतो आहोत हे मुलालाही कळत असे. मार्च २०२० नंतर शाळाच फोनमध्ये आली आणि फोन पांघरुणाखाली गेला. दिवाणखान्याचा उपाय तिथेच संपला.

आमच्या परिसरातील एका घरात घडलेली गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच गाळले आहेत. नववीतला मुलगा. एका खेळात कुणाशी तरी ओळख झाली. समोरची व्यक्ती मुलगी म्हणून बोलत होती. काही दिवसांनी ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू’ झाले, मग छायाचित्रांची देवाणघेवाण, आणि त्याच रात्री धमकी : पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो. मुलाने हे आईला सांगितले नाही, वडिलांना नाही. आजीला सांगितले. का, असे मी त्याला नंतर विचारले, तर म्हणाला, “आजी फोन काढून घेऊ शकत नाही ना, ताई.”

हे वाक्य मला कुठल्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा मोलाचे वाटते. धमकावणाऱ्याचे सगळे भांडवल मुलाच्या गप्प बसण्यात असते, आणि त्या गप्प बसण्याची तजवीज बहुधा आपणच आधी करून ठेवलेली असते. ‘पुन्हा काही दिसलं तर फोन बंद’ हे वाक्य घरात दहादा उच्चारले गेले की अकराव्या वेळी मूल काही दिसले तरी बोलत नाही. त्या आजींना खेळातले काही कळत नव्हते. त्यांनी फक्त “जेवलास का?” असे विचारले आणि मुलाच्या आईला उठवले.

पुढचे काम रुक्ष, पण ते माहीत असलेले बरे. पैसे द्यायचे नाहीत. दिले की मागणी वाढते. उत्तर देणे थांबवायचे, मात्र संभाषण पुसायचे नाही. स्क्रीनशॉट घ्यायचे, खात्याचे नाव टिपायचे, मग ब्लॉक करायचे. मुलाचे छायाचित्र असलेला स्क्रीनशॉट मात्र कुणालाही, अगदी मदत करणाऱ्या नातेवाइकालाही, पुढे पाठवायचा नाही. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि मुलांच्या लैंगिक छायाचित्रांबाबत ती नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक, मुलांसाठी १०९८. २०१२ चा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब अशा वेळी मुलाच्या बाजूने उभे असतात. ‘टेक इट डाउन’ नावाची एक सेवा आहे. तिच्यात छायाचित्र फोनबाहेर न जाता त्याचा केवळ सांकेतिक ठसा सहभागी संकेतस्थळांना कळवला जातो आणि ते त्यावरून चित्र शोधून हटवू शकतात.

मराठीची अध्यापक म्हणून मला यात आणखी एक गोष्ट खुपते. त्या मुलाकडे घडलेले सांगायला भाषाच नव्हती. ‘त्याने मला ते पाठवलं, मग मी पण ते पाठवलं’, यापुढे तो जाईना. शरीराविषयी आपल्या घरांत एक शिव्यांची भाषा असते आणि एक डॉक्टरांची. मधली, जेवणाच्या ताटावर बोलता येईल अशी भाषा आपण घडवलीच नाही. प्रत्येक खात्याला कुलूप घालता येते, पण शब्दच नसतील तर मूल हाक कशी मारणार?

या विषयावर बोलताना ‘श्यामची आई’ (१९३५) मधले पोहण्याचे प्रकरण हटकून आठवते. माळ्यावर लपलेल्या श्यामला आई मारत विहिरीकडे पाठवते. पोहायला शिकवा, विहीर बुजवू नका, असा त्याचा अर्थ आपण वर्गात सांगतो. मोबाइलला तो अर्धाच लागू पडतो. एक तर त्या विहिरीत पोहणारी मोठी माणसे होती. इथे आई-वडिलांनाच पोहता येत नाही. आणि दुसरे, विहीर कुणाला आपणहून ओढत नाही. फोनवरचे पुढचे चित्र, पुढचा व्हिडिओ मुलाला धरून ठेवण्यासाठीच निवडलेला असतो. तेव्हा सारी जबाबदारी मुलाच्या संस्कारांवर टाकणे हा अन्याय होय.

कायद्याला हे काहीसे उमगले आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई केली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. बऱ्याच तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. (आईच्या फोनवरचा ओटीपी जिथे मूलच वाचून दाखवते, तिथे संमती कोणाची कोण घेणार, हे कायदा करणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीत येऊन पाहावे.)

मग घरात करायचे काय? खाते खासगी ठेवणे, खेळातला अनोळखी लोकांशी होणारा संवाद बंद करणे, रात्री सगळ्यांचेच फोन, वडिलांचाही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणे. गूगलचे फॅमिली लिंक वेळेची मर्यादा घालते, ॲपला परवानगी देते. मुलाचे संदेश ते पालकांना वाचून दाखवत नाही, आणि मला ते योग्यच वाटते. हे सगळे मुलाला शेजारी बसवून करायचे. गुपचूप संदेश वाचणारी ॲपे घेणाऱ्यांशी माझे भांडण आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा फोन आपण उघडपणे पाहावा. सोळा वर्षांच्या मुलीचे संदेश चोरून वाचणे म्हणजे तिची रोजनिशी चोरून वाचणे. प्राणावर बेतल्याची शंका असेल तर गोष्ट निराळी, आणि तेव्हाही तिला सांगून.

त्या घरात फोन काढून घेतला गेला नाही. वडिलांची तशी इच्छा होती. आजींनी होऊ दिले नाही. अलीकडे त्या नातवाच्या शेजारी बसून खेळ पाहतात आणि मधूनच विचारतात, “हा कोण रे? ओळखीचा आहे का?” तो वैतागतो, पण सांगतो.