लवकरच येत आहे

आमच्या धरमतरला ‘ट्रेलर’ म्हटले की माणसे आधी रस्त्याच्या कडेला सरकतात. डोलवीच्या कारखान्यातून पोलादाच्या गुंडाळ्या घेऊन निघालेले ते लांबलचक धूड वडखळच्या नाक्यावर वळू लागले की अर्धा रस्ता अडतो आणि मागे अलिबागची एस.टी. ताटकळत उभी राहते. त्यामुळे मी एकदा धावत घरात शिरून, “आजी, ॲव्हेंजर्सचा ट्रेलर आला!” असे ओरडलो तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, “येऊ दे. तू कडेला हो.”

हा सल्ला मी काही मानला नाही. गेली नऊ-दहा वर्षे मी आणि माझे तीन-चार मित्र या दुसऱ्या जातीच्या ट्रेलरपुढे अगदी रस्त्याच्या मधोमध उभे आहोत. वाचकांपैकी जे प्राध्यापकवर्गात मोडतात त्यांच्यासाठी सांगतो : सुपरहिरोचा चित्रपट यायच्या आधी दोन-अडीच मिनिटांची झलक दाखवतात, तिला ट्रेलर म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ मागून ओढला जाणारा असा आहे, कारण पूर्वी ही झलक मुख्य चित्रपट संपल्यावर, त्याच्या शेपटाला जोडून दाखवीत. प्रेक्षक तोवर उठून चालू लागतात हे ध्यानात आल्यावर ती पुढे आणली, पण नाव तेच राहिले.

धरमतरला थिएटर नाही, कधी नव्हते. माझ्या आजोबांच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा येई आणि त्याच्या आधी बैलगाडीला दोन्ही अंगांनी चित्रांचे फलक बांधून, ढोलके बडवीत जाहिरात येई. गाडीतला माणूस गुलाबी कागद उधळी आणि पोरे मागे धावत. दारासिंगच्या ‘किंगकाँग’चा, म्हणजे १९६२ सालच्या चित्रपटाचा, एक कागद आजोबांनी मारामारी करून मिळवला आणि पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. चित्रपट त्यांनी पाहिला नाही. तिकिटाला पैसे नव्हते. मात्र त्या एका कागदावरून त्यांनी रचलेली ‘किंगकाँग’ची गोष्ट आमच्या आळीतल्या दोन पिढ्यांनी ऐकली आहे. पुढे मी खरी गोष्ट शोधून काढली आणि ती त्यांना सांगू लागलो, तेव्हा ते चक्क रागावले. “ती नाही ती,” म्हणाले.

आमची बैलगाडी म्हणजे मोबाइल. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि तोवर महिनाभर जपून वापरायचे इंटरनेट एका दिवसात उडवण्याइतके स्वस्त झाले. मी तेव्हा सहावीत होतो. घरात भिंतींमुळे रेंज नीट येत नसे, म्हणून आम्ही खाडीकडेच्या खारबांधावर जाऊन बसत असू. एका बाजूला भातखाचरे, दुसऱ्या बाजूला अंबा नदीचे गढूळ पाणी, त्यावरून भरतीबरोबर जेट्टीकडे सरकणारे बार्ज, आणि मध्ये एका चिरा गेलेल्या मोबाइलवर वाकलेली चार डोकी. ट्रेलर प्रथम सलग पाहायचा, कोणी बोलायचे नाही. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत पाहायचा. तिसऱ्यांदा भांडायचे. कोण मरणार, कोण जिवंत होणार, मागच्या भिंतीवरची सावली कोणाची, यावर आम्ही जेवढी डोकी चालवली तेवढी बीजगणितावर चालवली असती तर हा लेख मला कला शाखेच्या अंकात लिहावा लागला नसता.

या खेळात आमचा म्होरक्या होता माझा शेजारी मित्र. त्याचे नाव लिहीत नाही; का ते पुढे कळेल. त्याची नजर विलक्षण होती. ‘इन्फिनिटी वॉर’चा ट्रेलर २०१७ च्या नोव्हेंबरात आला, त्यात शेवटी सगळे वीर रानातून धावत येतात आणि त्यांच्यात हिरवा हल्कही धावतो. मित्राने त्यावरून सगळे युद्ध कसे होणार ते बांधावरच्या मातीत काडीने काढून दाखवले होते. पुढे २०१८ च्या एप्रिलमध्ये चित्रपट आला आणि त्यात हल्क त्या लढाईत नाहीच! तो दोन तास बाहेर यायलाच नकार देतो. ट्रेलर करणाऱ्यांनी प्रेक्षकांना फसवण्यासाठी चित्रपटात नसलेले दृश्य मुद्दाम घातले होते. आम्ही संतापलो. मित्र मात्र खूश होता. आपल्याला फसवण्यासाठी एवढे कष्ट कोणी घेते याचाच त्याला अभिमान वाटला.

ट्रेलरच्या नादात नुसती पोरेच असतात असे समजू नका. माझ्या मामाचा पेणजवळ गणपतीचा कारखाना आहे. जोहे-हमरापूरच्या बाजूला घराघरांतून हे काम चालते. २०१५ साली ‘बाहुबली’चा ट्रेलर जूनमध्ये आला, चित्रपट १० जुलैला आणि गणेशचतुर्थी १७ सप्टेंबरला. खांद्यावर शिवलिंग उचलून घेतलेला तो वीर पाहून मंडळांची पोरे मोबाइल नाचवीत मामाकडे येऊ लागली : बाप्पा असाच हवा. आता मामाची पंचाईत बघा. जूनमध्ये साचा करावा तर चित्रपट आपटला की मूर्ती अंगावर पडणार. चित्रपट चालतो का हे बघून करावा तर रंगकाम आणि डोळ्यांची आखणी कधी उरकायची? मामाने तो ट्रेलर किती वेळा पाहिला ते मोजले नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरचा भाव आमच्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर मी कधी पाहिलेला नाही. अखेर त्याने मोजक्याच मूर्ती केल्या आणि नंतर सगळा श्रावण हळहळण्यात घालवला.

आमच्या आईचेही तसेच. ‘शक्तिमान’ १९९७ साली दूरदर्शनवर सुरू झाले तेव्हा ती शाळेत होती. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यावर चित्रपट काढणार असल्याची लहानशी झलक आली. ती मी लावली, आणि ज्या बाईने माझ्या एकाही सुपरहिरोकडे ढुंकून पाहिले नव्हते ती पिठाचे हात तसेच धरून स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोन मिनिटेसुद्धा नव्हती ती झलक. आई बराच वेळ उभी राहिली. मग “आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारी जात होतो,” एवढेच बोलून आत गेली.

हे सगळे मी आता समजुतीने लिहितो आहे. २०१८ साली मला एवढी समजूत नव्हती.

७ डिसेंबर २०१८, शुक्रवार. आम्ही आठवीत होतो. ‘एंडगेम’चा पहिला ट्रेलर आला. २४ तासांत तो जगभरात २८ कोटी ९० लाख वेळा पाहिला गेला असे नंतर जाहीर झाले. त्यातल्या चाळीसएक वेळा तरी आमच्या बांधावरच्या असतील. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीलाच टोनी स्टार्क, म्हणजे लोखंडी चिलखतवाला आयर्न मॅन, अवकाशात भरकटलेल्या यानात एकटा बसला आहे. अन्नपाणी संपले आहे, प्राणवायू दुसऱ्या दिवशी संपणार आहे. आणि तो आपल्या शिरस्त्राणात घरच्या माणसासाठी निरोप ध्वनिमुद्रित करीत बसला आहे, तो पोचेल की नाही याची खात्री नसताना.

ट्रेलर संपला. नियमाप्रमाणे मी दुसऱ्यांदा लावायला बोट पुढे केले, तर मोबाइलच्या काचेवर पाणी. वर पाहिले तर आमचा म्होरक्या रडत होता. डोळे पाणावले वगैरे नव्हे. नाक वाहत होते, खांदे हलत होते. आम्ही तिघे क्षणभर गप्प राहिलो आणि मग हसलो. मीच आधी हसलो, हे इथे नोंदवून ठेवतो. शनिवारी शाळेत मी बाकावर उभा राहून त्याची नक्कल केली. तो सोमवारी शाळेत आला तोवर त्याचे नाव ‘नळ’ पडले होते. जानेवारीत स्नेहसंमेलन झाले. त्यात शेलापागोट्यांच्या कार्यक्रमात भर मंडपात त्याला बोलावून प्लॅस्टिकची तोटी भेट देण्यात आली. ती चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. त्याने तोटी घेतली, सगळ्यांकडे बघून नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसला. टाळ्या फार पडल्या.

त्याचे वडील जहाजावर होते. इंजिनखात्यात ऑइलर. हे मला माहीत नव्हते असे थोडेच? काका आले की आम्हाला परदेशी चॉकलेटे मिळत. पण काका ‘बोटीवर असतात’ हे मला जसे ‘खाडीला भरती येते’ हे माहीत होते तसेच माहीत होते. त्या डिसेंबरात त्यांचा सतरा दिवस फोन नव्हता, हे मला त्याच्या आईने सांगितले, तेही दोन वर्षांनी.

ती दोन वर्षांनी सांगायची वेळ आली करोनामुळे. २०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले, बंदरे खलाशांना उतरू देईनात आणि बदलीची माणसे चढू देईनात. त्या वर्षाच्या अखेरीस जगभर सुमारे ४ लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवर अडकले असल्याचा अंदाज होता. काका त्यांच्यातले एक. नऊ महिन्यांचे पंधरा झाले. जहाज एखाद्या बंदराजवळून गेले, थोडी रेंज लागली की त्यांचे आवाजातले निरोप एकदम सात-आठ येऊन पडत. वेगवेगळ्या दिवशी बोललेले, क्रम उलटसुलट झालेले. एकात ते म्हणत, ‘उद्या उतरवतील बहुतेक,’ आणि त्याच्या खालच्या, आदल्या आठवड्यातल्या निरोपात विचारीत, गणपती आणला का. काकूंना मोबाइलमधले फारसे उमगत नसे आणि मित्र खाली भाजी आणायला गेलेला, म्हणून एकदा मला त्यांनी ते क्रमाने लावून द्यायला बोलावले. मी ओसरीवर बसून एकेक लावीत होतो. तिसऱ्या की चौथ्या निरोपाला मला बांधावरची ती संध्याकाळ आठवली. माझे हात थांबले. काकू म्हणाल्या, “काय रे, बिघडला का?”

काका डिसेंबरात आले. चौदा दिवस वेगळे राहिले आणि मग जानेवारीतल्या एका संध्याकाळी स्वतःहून बांधावर आमच्यात येऊन बसले. मित्राने त्यांना तो जुना ट्रेलर दाखवला. मी खाडीकडे पाहत होतो. काकांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, “चुकतोय हा. हवा संपत आली असेल तर माणसानं गप्प पडून राहावं. बोलण्यात जास्त जाते.” मित्र खदखदून हसला. जरा वेळाने काका म्हणाले, “परत लाव बघू पहिल्यापासून.”

त्यानंतरही आम्ही ट्रेलर पाहिले. २०२१ मध्ये स्पायडरमॅनच्या ‘नो वे होम’ने २४ तासांत ३५ कोटी ५५ लाखांचा आकडा गाठला. पुढच्या ट्रेलरची ब्राझीलमध्ये दाखवलेली प्रत मित्राने शोधून काढली. तीत सरड्यासारख्या राक्षसाला कोणीच मारीत नसताना त्याचे तोंड फटका बसल्यासारखे फिरते. मारणारा दुसरा स्पायडरमॅन पुसून टाकला होता! जगातल्या पोरांनी ते हेरले होतेच, पण आम्हाला ते बांधावर समजले. डिसेंबरात पनवेलला जाऊन चित्रपट पाहिला आणि तिघेही स्पायडरमॅन एकदम आले तेव्हा आम्ही खुर्च्यांवर चढून ओरडलो. परतीच्या गाडीत मला त्याच्याशी तोटीबद्दल बोलायचे होते. पेण आले, वडखळ आले, मी दुसरेच काहीतरी बोलत राहिलो.

बारावीनंतर मी कला शाखेत आलो आणि त्याने खलाशाचे प्रशिक्षण घेतले. २०२४ च्या पावसाळ्यात तो पहिल्या जहाजावर चढला. १९ डिसेंबर २०२४ ला ‘सुपरमॅन’ची पहिली झलक आली. मी त्याला लगेच दुवा पाठवला. चार दिवसांनी उत्तर आले : “इथे इंटरनेट मोजून मिळतं. अक्षरं येतात, चित्र येत नाही. लिहून पाठव.”

मी ट्रेलर लिहून पाठवला. बांधावर एकटा बसून, थांबवत थांबवत, प्रत्येक दृश्य. सुपरमॅन आकाशातून बर्फात कोसळतो. रक्ताळलेला आहे, उठता येत नाही. तो कशीबशी शीळ घालतो. दुरून बर्फ उडवीत काहीतरी धावत येते, ते त्याचे कुत्रे. तो त्याला घरी घेऊन चल म्हणतो आणि कुत्रे त्याला अंगरख्याला धरून ओढू लागते. पुढचे इमारती पडण्याचे वगैरे मी थोडक्यात उरकले. सगळ्यात खाली, खूप जागा सोडून, २०१९ च्या जानेवारीतली ती चिठ्ठी माझी होती असे लिहिले.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. चिठ्ठीबद्दल त्यात एकच वाक्य होते : “अक्षर ओळखलं होतं.” आणि खाली : “ट्रेलर परत एकदा लिही. बर्फापासून कुत्रं ओढत नेतं तिथपर्यंतच. सावकाश लिही, इथे तिघे जण वाचतात.”