कोणत्या रकान्यात मोजायचं?

न्यूझीलंडच्या सरकारी कागदांवर मी ‘एशियन’ आहे. याच रकान्यात चिनी आहेत, कोरियन आहेत, फिलिपिनो आहेत आणि ज्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर राबायला फिजीत गेले, ते भारतीय वंशाचे लोकही आहेत. या सगळ्यांच्या आरोग्याची मिळून सरासरी काढली की ती फार गोजिरी दिसते. दिसणारच. व्हिसा देण्याआधी वैद्यकीय तपासणी होते, आणि देश सोडून निघतात तेही बहुधा तरुण, धडधाकट लोक. मी साथरोगशास्त्रातली बाई. ऑकलंडमधल्या माझ्या नोकरीचा बराचसा काळ या गोजिऱ्या सरासरीशी भांडण्यात गेला.

भांडणाला बळ मिळालं २०१८ साली. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉड जॅक्सन यांच्या गटाने फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतून जमलेल्या चार लाखांवर लोकांच्या नोंदी तपासून हृदयविकाराचा धोका मोजण्याची सूत्रं ‘लॅन्सेट’मध्ये छापली. वय, रक्तदाब, धूम्रपान, कोलेस्टेरॉल सगळं सारखं धरलं, तरी भारतीयांचा धोका युरोपीय वंशाच्या लोकांहून जास्त निघाला. चिनी आणि इतर आशियाई लोकांचा मात्र कमी! एकाचं अधिक, दुसऱ्याचं उणे आणि दोघं एकाच रकान्यात. त्याच वर्षीच्या सरकारी शिफारशींनुसार माओरी, पॅसिफिक बेटांवरचे आणि दक्षिण आशियाई पुरुष यांचा हा धोका तिसाव्या वर्षापासून मोजायचा, बायकांचा चाळिसाव्यापासून; दुसरी काही जोखीम नसलेल्या बाकीच्यांचा अनुक्रमे ४५ आणि ५५ पासून. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या तिशीच्या पोरांना हे सांगितलं की ती मला घराच्या कर्जाचे हप्ते सांगतात.

रकान्याचं राजकारण मला माओरी सहकाऱ्यांनी शिकवलं. माओरींच्या आरोग्याचे आकडे वेगळे काढून डॉ. एरू पोमारे यांनी १९८० सालीच पुस्तक काढलं होतं. पण त्या काळचे आकडेही पुरते खरे नव्हते. १९९५ पर्यंत मृत्यूची नोंद करताना माओरी कोण, हे रक्ताच्या हिश्शावर ठरे: निम्मं किंवा त्याहून जास्त. फॉर्म भरायचा अंत्यविधी करणाऱ्या कंपनीच्या माणसाने, आणि तो पुष्कळदा घरच्यांना न विचारता अंदाजानेच खूण करी. जनगणनेत मात्र माणूस आपली ओळख आपण लिही. अंश एका कागदावरचा, छेद दुसऱ्याच कागदावरचा. जिवंतपणी माओरी असलेला माणूस मेल्यावर गोरा होऊन जाई आणि माओरींचा मृत्युदर कागदावर कमी दिसे. पुढे टोनी ब्लेकली, ब्रिजेट रॉब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणनेच्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी जुळवून हा घोळ निस्तरला. २००३ च्या त्यांच्या अहवालात दिसलं ते असं: ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत बाकीच्यांचं आयुर्मान वाढत गेलं, माओरींचं जेमतेम हललं.

ही कामं करणारी माओरी माणसं आपल्या लोकांपासून अंतर राखायच्या भानगडीत पडत नाहीत. पाठ्यपुस्तकात संशोधकाची जवळीक म्हणजे दोष. इथे बैठकीला गेलं की आधी आपला डोंगर कोणता, नदी कोणती, माणसं कोणती, हे सांगायचं. संशोधनाचा विषय त्यानंतर. मी कृष्णाकाठच्या वाईचं नाव घेते. बाहेरून आलेल्यांनी नदीला ‘माझी’ म्हणावं की ‘जिच्या काठी वाढले ती’ म्हणावं, यावर इथे मतभेद आहेत. मी दुसरं म्हणते. तसंही मराठी माणसाला हे नवीन नाही. ‘मूळ गाव कुठलं?’ हे झाल्याशिवाय आपल्याकडे कुणी रक्तदाबही मोजू देत नाही.

भारतीय शरीराचं कोडं उलगडायला मोठी मदत पुण्याहूनच झाली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यूडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय २२.३. यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. मंडळात व्याख्यान असलं की मी हाच फोटो दाखवते. काटा ‘बारीक’ म्हणतो म्हणून निश्चिंत असलेली काही मंडळी तेवढ्यापुरती पोटं आत घेतात. इथे एयूटी विद्यापीठाच्या इलेन रश यांनी ऑकलंडच्या भारतीयांच्या शरीररचनेवर, पुढे बी-१२ जीवनसत्त्वावर काम केलं. २०१४ चा एक लेख तर त्यांनी याज्ञिकांसोबतच लिहिला. मॅसी विद्यापीठाच्या एका चाचणीचं नावच ‘सूर्या’ होतं. तिच्यात ड जीवनसत्त्व कमी असलेल्या आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही अशा ८१ दक्षिण आशियाई बायका शेवटपर्यंत टिकल्या. सहा महिने ड जीवनसत्त्व घेतलेल्यांच्या शरीराने इन्सुलिनला आधीपेक्षा बरी दाद दिली.

अशा अभ्यासांत आकड्यांपेक्षा घाम फोडते ती आहाराची प्रश्नावली. ती बनवलेली असते पावाच्या स्लाइसवर. साबुदाण्याची खिचडी कुठे लिहायची? बटाटा भाजीत धरायचा का? कालच्या दिवसाचं खाणं विचारावं तर काल नेमकी संकष्टी. आणि वाटी म्हणजे कोणती वाटी, आमटीची की श्रीखंडाची? मी घरून तीन-चार मापांच्या वाट्या घेऊन जाते आणि काकू ‘ही’ म्हणून बोट ठेवतील ती पाण्याने भरून मापाच्या भांड्यात ओतते. कार्यालयीन भाषेत याला प्रमाणीकरण म्हणतात.

जवळिकीची किंमतही आहे. मंडळाच्या सभेत दरवर्षी कुणीतरी विचारतं, भारतीयांमध्येही मराठी माणसाचे आकडे वेगळे का काढत नाही? कारण ठाण्याचे, बावन्न वर्षांचे, बँकेतले, बायपास झालेले गृहस्थ असं मी छापलं, तर संपादकांना कळणार नाही, पण गणपतीच्या आरतीला उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळेल. रकाना फोडत गेलं की एका टप्प्यावर त्यात आकडा उरत नाही, माणूस उरतो. ‘भारतीय’ वेगळा काढा म्हणून मी भांडले. ‘मराठी’ वेगळा काढायला मीच हरकत घेते.

मंडळाच्या तपासणी शिबिराला मात्र कुणाची हरकत नसते, वाद असतो तो वेळेवर. यंदाच्या दिवाळीलाही चिटणीसबाईंचं म्हणणं, साखर जेवणाआधी तपासा, नंतर कुणाचीच खरी येणार नाही. आपण एचबीए१सी तपासणार, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, एका पंगतीने काही फरक पडत नाही, असं मी परोपरीने सांगितलं. त्यात इथे हा आकडा टक्क्यांत देत नाहीत. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या ६.५ ला इथे ४८ म्हणतात आणि मधुमेह धरतात ५० पासून. हे ऐकून तर त्यांचा संशय पक्काच झाला. शिबिर जेवणाआधी ठरलं आहे.