वेसाव्याची भरती आणि एक उणे चिन्ह

प्रिय सखे,

तुझा मेल आला तेव्हा आमच्याकडे भाची अकरावीचं गणित पुढ्यात घेऊन रुसून बसली होती. आठवतं, दहावीत 'साइन तीस बरोबर एक छेद दोन' आपण पाढ्यासारखं घोकायचो? कशाचं अर्धं, ते आपणही कधी विचारलं नाही!

रविवारी तिला अंधेरीहून वेसाव्याला नेलं. मढच्या बोटीत स्कूटर चढवायची फळी दाखवली. 2 मीटरची फळी 30 अंशांत कलली तर टोक 1 मीटर वर. 4 मीटरची तशीच कलली तर 2 मीटर. फळी कुठलीही घे, समोरची बाजू भागिले कर्ण अर्धंच. "एवढंच?" म्हणाली. (ही साइन मूळची आपली 'ज्या', धनुष्याची दोरी. अरबी-लॅटिन फिरून आली, म्हणून ओळखू येत नाही.)

तिचं खरं रडगाणं आलेखाचं. x मधून काही वजा केलं की लाट उजवीकडे का सरकते? उणे तर डावीकडे! मलाही सांगता येईना. जाळं सांधत बसलेल्या कोळीमामांना मी सहज भरती विचारली, तर म्हणाले, "तिथीची पाऊणपट करा." म्हणजे दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. रोज पाऊण तास उशीर, म्हणजे लाट उजवीकडे. आणि उद्या सव्वाआठचं पाणी हवं, तर पाऊण तास वजा करून आजच्या आलेखात साडेसातला बघायचं. तेच ते उणे!

मग पोरगी सुटलीच. दिवसातून दोन भरत्या, म्हणजे x ला 2 ने गुणून लाट आवळलेली. पौर्णिमेचं उधाण म्हणजे साइनच्या आधीचा आकडा मोठा, अष्टमीचा भांग म्हणजे लहान. मुंबईच्या तक्त्यात पाणी साधारण अडीच मीटरच्या वरखाली होतं, म्हणून अख्खा आलेख तेवढा उचललेला. खरा समुद्र इतका आज्ञाधारक नाही. इथे दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात. पण पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा सांगते, त्या आता ती वहीत टिपणार आहे.

तुझ्या हॅलिफॅक्सहून फंडीचा उपसागर फार लांब नाही ना? तिथे पाणी 16 मीटरपर्यंत चढतं-उतरतं. म्हणजे साइनच्या आधी 8! जाऊन आलीस की भरती-ओहोटीच्या वेळा कळव. भाचीने आलेखाचा कागद जोडून लांब करून ठेवलाय.

तुझीच,
अंधेरीकर