हुक कशाला धरून आहे?

माझ्या धाकट्या भावाचे भोसरीत फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे. एक वेल्डिंग मशीन, एक उभे ड्रिल, दोन ग्राइंडर आणि हाताखाली दोन मुले. अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या हत्यारांची पेटी आता भावाकडे आहे. गेल्या वर्षी दहावी झाल्यावर माझा मुलगा डिप्लोमाच्या प्रवेशाची वाट बघत घरी बसला होता. "रिकामा बसण्यापेक्षा माझ्याकडे पाठव, आपा," असे भाऊ म्हणाला आणि मी पाठवले. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, लोखंडातले मला काही कळत नाही. मुलगा संध्याकाळी काळे हात घेऊन येई, पोटभर जेवे आणि शांत झोपे. तेवढ्यावर मी खूश होते.

जुलैमधल्या एका शनिवारी शाळा लवकर सुटली, म्हणून दोघांचा डबा घेऊन मी दुकानात गेले. दारात एक गृहस्थ भावाशी बोलत उभे होते. चाकणच्या एका कारखान्यात ते अधिकारी आहेत. मी आत शिरताना त्यांचे वाक्य कानावर आले, "भाई, या वेळी दुप्पट जाड हुक लावा. त्या दिवशी पोरगा वाचला, देवाची कृपा."

डबा माझ्या हातातच राहिला. भावाने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. कोणता पोरगा, हे मला विचारावे लागले नाही.

मग सगळे हळूहळू बाहेर आले. या साहेबांना मोटारींची हौस. त्यांच्याकडे एक स्पोर्ट्स कार आहे, पण ती खरी नव्हे, नक्कल. १९५७ साली इंग्लंडच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची दोन माणसांची उघडी, अगदी हलकी गाडी काढली. बारीक नळ्यांचा सांगाडा आणि वर पातळ अंग, एवढाच तिचा पसारा. रचना साधी असल्यामुळे जगभर तिच्या नकला झाल्या. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने याच धाटणीची रोडस्टर बनवली. साहेबांची गाडी मात्र कुठल्या कंपनीची नाही. एका हौशी माणसाने चौकोनी नळ्या जोडून सांगाडा केला, वर फायबरचे अंग चढवले आणि पुढे विकून टाकली. अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून साहेब ती टेम्पोत चढवून खेड तालुक्यातल्या आपल्या जमिनीवर नेतात आणि तिथेच फिरवतात.

टेम्पोत ओढून चढवायला पुढे हुक हवा होता. बकरी ईदच्या आदल्या दिवशी ते घाईत आले. भावालाही घरी जायची घाई होती. त्याने १२ मिलिमीटरच्या सळईचे कडे वाकवले, पुढच्या आडव्या नळीच्या मध्यावर टाके मारले आणि पाचशे रुपये घेतले. अर्ध्या तासाचे काम.

जुलैच्या पावसात ती गाडी शेतातल्या काळ्या मातीत रुतली. साहेबांचा फोन आला, तसा भाऊ माझ्या मुलाला घेऊन गेला. ओळखीचा एक पिकअप बोलावला. नायलॉनचा दोर बांधला. पिकअपवाल्याने दोर सैल ठेवला आणि झटका देण्यासाठी धाव घेतली. फट्‌ असा आवाज झाला. हुक नळीचा पत्रा फाडून निघाला आणि ताणलेल्या दोरासोबत गोळीसारखा सुटून पिकअपची मागची काच फोडून आत गेला. माझा मुलगा दोरापासून तीन हातांवर उभा होता. हुक कानाजवळून गेला, तो वारा त्याला लागला होता. दोघांनी आठ दिवस मला काही सांगितले नाही.

साहेब पुन्हा म्हणाले, "म्हणून म्हणतो, जाड हुक लावा."

भावाने ड्रॉवरमधून तो हुक काढून टेबलावर ठेवला. कडे जसेच्या तसे होते. टाकाही शाबूत होता. टाक्याला चिकटून नळीचा फाटलेला तुकडा आला होता. "साहेब, हुक तुटला नाही," तो म्हणाला. "हा ज्याला धरून होता, ते फाटले. दुप्पट जाड लावला तर दुप्पट जाड लोखंड उडेल. नळी पातळ आहे, हे मला त्या दिवशी दिसत होते. तरी मी टाका मारला. चूक माझी आहे. काचेचे पैसे मी दिले, आता हे कामही मी माझ्या खर्चाने करून देतो. पण दोन दिवस लागतील."

"एका हुकाला दोन दिवस?" असे साहेब म्हणाले खरे, पण पुढे काही न बोलता गेले.

ते गेल्यावर मी भावाला बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. "मला का सांगितले नाहीस?" यावर तो एवढेच म्हणाला, "सांगितले असते तर तू त्याला परत पाठवले नसतेस." मी म्हणाले, "आताही पाठवणार नाही." तो म्हणाला, "तुझा मुलगा आहे, तू ठरव. पण उद्या रविवार आहे. एकदा येऊन काम बघ, मग ठरव."

मी गेले. स्टुलावर बसले आणि वर्गात बसून मुलांची कवायत बघावी तशी बघत राहिले.

गाडीचे पुढचे अंग काढले होते. सांगाडा उघडा होता. इंचभर रुंद नळ्या आणि त्यांची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर. भावाने माझ्या मुलाला विचारले, "सगळ्यांत घट्ट जागा कोणती?" मुलाने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे चार नळ्या एकत्र येत होत्या. "बरोबर. मधल्या नळीला ओढले तर ती एकटी वाकते. कोपऱ्याला ओढले तर चौघी मिळून ओझे घेतात. कंपनीच्या गाडीतही ओढायचे कडे बंपरला नसते. ते बंपरच्या मागच्या लोखंडात, एका बाजूला असते."

कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी ६ मिलिमीटरच्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे जोर एका ठिपक्यावर न येता पसरतो. नळीतून बोल्ट घालायचा तर नट आवळताना पोकळ नळी चेपते. म्हणून भोकात आधी जाड पोलादी बुश बसवून वेल्ड केले आणि त्यातून बोल्ट घातला. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा होता. मी अर्थ विचारला तेव्हा कळले की पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तुटत नाही, आणि दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा ताणला जात नाही. एम-१२ बोल्टच्या आट्यांचे क्षेत्र सुमारे ८४ चौरस मिलिमीटर असते. म्हणजे सरळ ओढीत एकच बोल्ट पाच टनांहून जास्त जोर सोसतो. "मग त्यालाच वेल्ड करून टाक ना, निघणार नाही," मी म्हणाले. मुलगाच हसून म्हणाला, "नाही अम्मी. तापवला की त्याचे पाणी उतरते, मग तो साधा बोल्ट." हे त्याला तीन आठवड्यांपूर्वी माहीत नव्हते.

हुक १२ मिलिमीटरच्या प्लेटमधून कापला. भोकाच्या कडा घासून गोल केल्या, कारण धारदार कड दोर कापते. तो काढता-घालता येईल असाच ठेवला. गाडीच्या पुढे सतत बाहेर आलेले लोखंड समोरच्या माणसाला इजा करते. गाड्यांपुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते, त्यामागे हाच विचार होता.

मी विचारले, "सात-आठशे किलोच्या गाडीला एवढे कशाला? मागे तर तुम्ही दोघे ती हाताने ढकलत होता." भावाने खडूने फरशीवर हिशेब मांडला. सपाट रस्त्यावर ही गाडी हलवायला दहा-बारा किलोचा जोर पुरतो. चाके रुतली की तोच जोर गाडीच्या वजनाइतका होऊ शकतो. आणि झटका त्याहून वाईट. दीड टनाचा पिकअप ताशी १० किलोमीटर वेगाने निघाला, रुतलेली गाडी हललीच नाही, आणि दोराने वीस सेंटिमीटर ताणून त्याला थांबवले, तर सरासरी जोर तीन टनांच्या आसपास जातो. "म्हणून झटका देणाऱ्याला हात जोडायचे," तो म्हणाला. "कितीही मजबूत हुक असला तरी."

संध्याकाळी त्यांनी सांगाड्याची मागची बाजू खांबाला बांधली, पुढच्या हुकाला लटकता काटा आणि चेनब्लॉक लावला. पट्टीच्या कडेने नळीवर सुईने रेघ ओढली. मग भावाने सगळ्यांना, मलाही, भिंतीपलीकडे उभे केले आणि स्वतः लांबून, बाजूला उभे राहून साखळी ओढत काटा एक टनापर्यंत नेला. दहा मिनिटे तसाच ठेवला. सैल करून रेघ पाहिली. पट्टी केसभरही सरकली नव्हती. मगरिबची वेळ झाली होती. हात धुऊन दोघे नमाजला गेले.

मी तिथेच बसून राहिले. सूरह बकरामध्ये न तुटणाऱ्या मजबूत कड्याची उपमा आहे. अरबीत 'उर्वा' म्हणजे धरायचे कडे, मूठ. मी ती नेहमी धरणाऱ्याच्या बाजूने वाचत आले, की आपण घट्ट धरले पाहिजे. त्या दिवशी पहिल्यांदा दुसरी बाजू मनात आली. ते कडे तुटत नाही, कारण ते ज्याला जोडलेले आहे ते हलत नाही. आपली घरातली, वर्गातली किती कडी आपण नुसती जाड करतो! धाक वाढवतो, शिकवण्या वाढवतो, आणि मागची नळी तशीच पातळ ठेवतो. भावाने माझ्यापासून गोष्ट लपवली तीही अशीच पातळ नळी होती. हे मी त्याला सांगितले. त्याने मान्य केले.

वाचक भगिनींसाठी त्याने सांगितलेल्या चार गोष्टी लिहिते, पावसाळ्यात उपयोगी पडतील. आपल्या साध्या मोटारीत ओढायचे कडे बहुधा डिकीत, स्टेपनीजवळच्या हत्यारांत असते. बंपरवरचे छोटे झाकण काढून ते आत फिरवायचे. बऱ्याच गाड्यांत आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी पुस्तिका पाहावी. कडे शेवटपर्यंत बसले पाहिजे. दोर बंपरला बांधू नये, आधी हळूच ताणून घ्यावा, मग ओढावे. आणि ओढताना मुलांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब, बाजूला उभे करावे. दोरावर एखादी जड चादर टाकली तर तुटल्यावर तो कमी उसळतो.

मुलाला डिप्लोमाला प्रवेश मिळाला, अल्हम्दुलिल्लाह. रविवारी तो मामूकडे जातो. मी अजून पूर्ण निश्चिंत नाही, दुपारी एकदा फोन करतेच. तो फाटका हुक भावाने फेकला नाही. कोणी येऊन "जरा जाड लावा" म्हणाले की तो ड्रॉवर उघडतो.