सोडतीनंतरची बाई

सरपंचपदाची आरक्षण सोडत असली की माजलगावच्या तहसील कचेरीत गर्दी होते ती पुरुषांची. शाळेतलं एखादं पोर चिठ्ठी उचलतं. ‘महिला’ असं वाचलं, की पुढारी भावकीला फोन लावतात. उमेदवार कोण हे ठरतं, आणि तिला ते सगळ्यांत शेवटी कळतं.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये हा वाटा वाढवून निम्म्यावर नेला. तेव्हापासून टिंगल चालली आहे ती ‘सरपंचपतीं’ची. मला त्या नवरोबांपेक्षा फिरतं आरक्षण जास्त खुपतं. सरपंच झालेल्या बाईची पहिली दोन वर्षं सही कुठे करायची, कुठे करायची नाही, हे उमगण्यात जातात. मग वित्त आयोगाचा निधी, घरकुलाची यादी, रस्त्याचं इस्टिमेट कळू लागतं. ती ग्रामसेवकाला प्रश्न विचारू लागते, तोवर मुदत संपते आणि पद खुलं होतं. खुलं म्हणजे बाईला बंद, असं कायद्यात कुठेही नाही. पॅनलवाले मात्र तसंच वाचतात.

त्यात आपला मुलूख कोयत्याचा. धरणाच्या पाण्यावर इथे ऊस उभा असतो आणि याच तालुक्यातली जोडपी दसरा-दिवाळीनंतर दुसऱ्यांचा ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला त्या बायका फडात असतात. त्याआधीची महिला सभा मग बहुतेक वेळा रजिस्टरातच भरते. सरपंच बाईनं कोणाच्या बळावर बोलायचं?

याच बीड जिल्ह्यात केशरकाकू क्षीरसागर होऊन गेल्या. राजुरीच्या सरपंच, पंचायत समिती, पुढे लोकसभा: १९८०, १९८४ आणि १९९१. तेव्हा आजचं आरक्षण नव्हतं. घराणं होतं, काँग्रेस होती, हे खरंच; पण एका पायरीनंतर दुसरी पायरी होती. आज पहिली पायरी हजारो जणींना मिळते, दुसरी मोजक्याच घरांतल्या लेकीसुनांना.

पुढच्या निवडणुकीत तुमच्या गावची एखादी माजी सरपंच बाई खुल्या जागेवर उभी राहिली, तर तिच्याकडे पाच वर्षांचा हिशेब जरूर मागा. तो तिनेच द्यावा, नवऱ्यानं नाही. पटला, तर मत द्या.