चार खंड की तीन?

पुस्तके सुचवणे हा मराठीच्या प्राध्यापकाचा एक बिनपगारी जोडधंदा असतो. मुंजीत काय द्यावे, निवृत्त होणाऱ्या साहेबांना काय द्यावे, असे विचारीत लोक येतात. आणि घरची पुस्तके धूळ खात पडलेली असताना आपणही मोठ्या ऐटीत नावे सांगत असतो. पण गेल्या जूनमध्ये वसईचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, "सर, मुलाला सेमिनरीत न्यायची रोजच्या प्रार्थनेची पुस्तकं घ्यायचीत. दोन तऱ्हेची मिळतात म्हणे. तुम्ही जरा बरोबर चला," तेव्हा मात्र मी गडबडलो. मी हिंदू घरातला. त्यातून प्रार्थनेच्या बाबतीत पक्का आळशी. पण गृहस्थांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि उमगले, की पुस्तक हे नुसते निमित्त आहे. मुलगा एकुलता एक. तीन वर्षे माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेला. सरांनी शब्द टाकला तर अजूनही त्याचे मन वळेल, अशी वडलांना आशा होती. खरे सांगायचे तर मलाही होती. त्याने एम.ए. करावे, मग आपल्या घरच्या सामवेदी बोलीवर प्रबंध लिहावा, असा बेत मी त्याला न विचारताच करून ठेवला होता.

आम्ही तिघे लोकलने वांद्र्याला निघालो. गाडीत त्याने मला शिकवायला सुरुवात केली. तीन वर्षांचा सूडच म्हणा ना! या ग्रंथाला पूर्वापार 'ब्रेव्हिअरी' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'संक्षेप'. हा संक्षेप हजार-हजार पानांच्या खंडांतून पसरलेला आहे, हे ऐकून मी मूळ विस्ताराची चौकशी केली नाही. बायबलमधली दीडशे स्तोत्रे हा त्याचा कणा. पूर्वी ती सगळी एका आठवड्यात म्हणून संपवीत. माझी आजी गुरुचरित्राचा सप्ताह करी, तसाच हा सप्ताह; फक्त आजीला सात दिवसांनी सुटका होती, यांना ती जन्मभर नव्हती. 1970 साली पोप सहावे पॉल यांनी नवी मांडणी जाहीर केली आणि सप्ताहाचे चार आठवडे झाले.

इंग्रजीत याची दोन रूपे. एक 1974 सालचे, तीन खंडांचे, विलायतेकडचे. दुसरे 1975 सालचे, चार खंडांचे, अमेरिकेतले. घोटाळा असा झाला होता, की न्यू जर्सीच्या आत्याने चार खंड आधीच पाठवून दिले होते. सोनेरी कडांचे, रंगीत फितींचे. मुलगा म्हणत होता, मला ते नकोत.

"अरे, आत्याला काय वाटेल?" वडील म्हणाले.

दुकानात तीन खंडांचा संच पुढ्यात आला. आत्याचा पहिला खंड आम्ही पिशवीतून आणलाच होता. मी दोन्ही उघडून परीक्षकाच्या थाटात बसलो. भाषा कुठली सरस? लय कुठली चांगली? स्तोत्रे ताडून पाहतो तो काय, शब्दन् शब्द सारखी! दोघांनीही 1963 सालचे 'ग्रेल' नावाने ओळखले जाणारे एकच भाषांतर घेतलेले. फरक होता तो स्तोत्राच्या आगेमागे म्हणायच्या ओळींत, बायबलच्या इतर उताऱ्यांत, विनवण्यांत.

"मग आत्याचाच संच ने की," मी म्हणालो, "त्यात प्रत्येक स्तोत्रामागे एक प्रार्थनाही जोडलेली दिसते."

"सर, एकट्यानं वाचायचं असतं तर तोच नेला असता. पण चॅपलमध्ये दोन बाजू असतात. एक कडवं या बाजूनं, एक त्या बाजूनं. सगळ्यांकडे तीन खंडांचा आहे. मी एकटा मधेच वेगळं बोललो तर सगळ्यांची लय जाईल."

पुस्तक चांगले की वाईट, एवढाच प्रश्न मी आयुष्यभर विचारीत आलो. शेजारच्याच्या हातात कुठले आहे, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. तरी मी ठेवणीतला बाण काढलाच. "पण हे सगळं इंग्रजीत! तुझ्या मराठीचं काय?"

तो काही बोलला नाही. पहिला खंड काढून त्याने 6 फेब्रुवारीचे पान उघडले. संत पॉल मिकी आणि साथीदार; 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारलेले सव्वीस जण. या साथीदारांतला एक गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला. मथळ्यात त्याचे नाव नाही. पण त्या दिवशी वाचायच्या जुन्या वृत्तांतात एक वाक्य त्याच्या वाट्याला आले आहे. क्रुसावरून तो प्रभूची प्रार्थना आणि 'नमो मारिया' खूप मोठ्या आवाजात म्हणत राहिला, असे त्यात आहे.

"कुठल्या भाषेत?" मी विचारले.

"ते नाही लिहिलं, सर," तो हसून म्हणाला. "मोठ्यानं, एवढंच लिहिलंय."

वडील इतका वेळ गप्प उभे होते. त्यांनी खिशातून पाकीट काढले आणि दुकानदाराला म्हणाले, "प्लॅस्टिकचं कव्हर मिळेल का? पावसाचे दिवस आहेत." शाळेच्या पहिल्या दिवशी विचारावे तसे. पैसे मोजताना त्यांचे दोनदा चुकले. परतीच्या गाडीत आम्ही पावसाविषयी आणि केळीच्या भावाविषयी बोललो. मी शब्द टाकला नाही, याबद्दल ते मला काही म्हणाले नाहीत. मीही ते ओळखल्याचे दाखवले नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी सहाला त्यांचा फोन आला. मुलाला फोन फक्त रविवारी करता येतो, म्हणून मला.

"सर, आत्याचे खंड घरीच आहेत ना. स्तोत्रं तीच आहेत असं तुम्ही म्हणाला होता. सामान्यकाळाचा विसावा आठवडा म्हणजे तिसरा खंड की चौथा?"

त्या दिवशी दुकानात पाहिलेले मला नीट आठवत होते. "चौथा," मी म्हणालो. "अठराव्यापासून पुढचं सगळं चौथ्यात. आणि स्तोत्रं चौथ्या आठवड्याची."

"थांबा हं," ते म्हणाले, "फीत लावून घेतो."