आमचा सल्ला चुकला

सप्टेंबर २०२४ मधल्या एका रात्री साडेअकराला इटलीहून फोन आला. तिकडे संध्याकाळचे आठ, म्हणजे जेवणाची वेळ. शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावातली आमची एक विद्यार्थिनी चार दिवसांपूर्वी पादोव्हा शहरात पोहोचली होती. आवाज इतका बारीक की पासपोर्ट हरवला की काय असे आम्हाला वाटले. तसे काही नव्हते. ती म्हणाली, "दादा, ही लोकं विचारत्यात, तुमच्या घरात काय खातात. काय सांगू?"

आम्ही अंथरुणातूनच सल्ला दिला. "शाकाहारी म्हणून सांग आणि विषय संपव. शिकायला गेलीस, वाद घालायला न्हाई." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. हा लेख त्या सल्ल्याबद्दल आहे.

थोडी मागची हकीकत सांगितली पाहिजे. आई उसात भांगलायला जाते, वडील जयसिंगपूरकडे कंत्राटी कामावर. २०१९ च्या महापुरात घराच्या दोन भिंती बसल्या, तेव्हा ती बारावीत होती. पुढे अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली. इटलीत घरचे उत्पन्न पाहून तिथली प्रादेशिक शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते, हे तिनेच शोधून काढले. आम्ही केले ते एवढेच की तहसीलच्या दाखल्यासाठी शिरोळला हेलपाटे घातले आणि भाषांतराचे पैसे गोळा केले. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता गेल्या गेल्या हातात पडत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या खर्चाला आईने बचत गटातून कर्ज काढले. वसतिगृहाची खोली ऑक्टोबरात मिळणार होती. तोवर एका कुटुंबाच्या घरात भाड्याने खोली घेतली. निवृत्त शिक्षिका, त्यांचे यजमान आणि एक म्हातारे मांजर.

परदेशातल्या पहिल्या दिवसांबद्दल आपल्याकडे मुलांना काय सांगितले जाते? बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, तू पण कर. बस. पण जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरलेल्या बावीस वर्षांच्या भीमरावांचाही पहिला प्रश्न खोलीचा आणि ताटाचाच होता. बडोद्याची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. हार्टले हॉल या वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर राहिले, कारण तिथले अर्धेकच्चे आणि गोमांसाचे पदार्थ त्यांना जाईनात. मग कॉस्मोपॉलिटन क्लब, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांच्या मदतीबरोबर भथेनांचे कर्जही होते. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगाव परिषद झाली होती, आमच्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यात. आम्ही दरवर्षी तिथे जातो, भाषणे ऐकतो. पण गोमांसाचे ताट बाजूला सारून अर्धपोटी उठणारा विद्यार्थी त्या भाषणांत कधी भेटत नाही.

आता किल्लीची गोष्ट. पोहोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला घराची किल्ली दिली, स्वयंपाकघरातला एक खण रिकामा करून दिला आणि भाड्याची पावती फाडली. मुलीने त्या किल्लीचा फोटो आम्हाला पाठवला. खाली एक अक्षरही लिहिले नव्हते. आम्हाला मात्र समजले. पदवीला असताना खोली शोधायला आम्हीच तिच्याबरोबर फिरलो होतो. एका घरी सगळे ठरले, आगाऊ रक्कम काढली, आणि पावतीवर नाव लिहिताना मालकिणीने आडनाव ऐकले. मग आतून कोणीतरी सांगितले की खोली सकाळीच दिली गेली आहे. तिचे आडनाव सांगितले की पुढचे काही सांगावे लागत नाही.

कोलंबियाहून परतलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात याच वाटेने जावे लागले. अमेरिका-युरोपच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. पारशी धर्मशाळेत रोजचा दीड रुपया भरून, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव खोलीसमोर उभा होता. लक्षात घ्या, त्यांनी फुकट जागा मागितली नव्हती, भाडे चुकवले नव्हते. पादोव्हाच्या बाईंनीही काही उपकार केला नाही, पैसे घेऊन खोली दिली. तिथे भाडे पुरेसे होते. आपल्याकडे भाडे पुरत नाही, एवढाच तो फरक आहे आणि तो लहान नाही.

म्हणून इटली स्वर्ग आहे असे कोणी समजू नये. निवास परवान्याचा अर्ज आल्यापासून आठ कामाच्या दिवसांत पोस्टातून करावा लागतो. त्या रांगेत खिडकीवरचा माणूस तिच्यावर खेकसला. रविवारी जेवायला आलेला बाईंचा भाऊ तिच्यासमोरच म्हणाला की परदेशी फार झाले. आणि ती जाण्याच्या तीनच महिने आधी, जून २०२४ मध्ये, लातिना भागात सतनाम सिंग या पंजाबी शेतमजुराचा यंत्रात हात तुटला होता. त्याला दवाखान्यात न नेता घराजवळ टाकून दिले गेले. तो वाचला नाही. पोस्टाच्या रांगेत तिच्या पुढे उभा असलेला जालंधरकडचा पोरगा गाईंच्या गोठ्यावर कामाला होता. हिच्या मोबाइलवर बाबासाहेबांचे चित्र पाहून तो हळूच म्हणाला, "जय भीम, जय गुरुदेव." अर्जाचे कोणते रकाने भरायचे ते त्यानेच दाखवले.

तर जेवणाचे टेबल. भारतातून मुलगी येणार म्हणून बाईंनी फ्रिजमधले हॅम शेजारणीकडे नेऊन ठेवले होते. तीन दिवस चीज, भाज्या आणि पास्ता. भारतीय मांस खात नाहीत, गाईला देव मानतात, सगळे योग करतात, ही माहिती आमची पोरगी विमानातून उतरण्याआधीच त्या घरात पोहोचली होती. हे चित्र कोणी काढले, ते वाचकांना सांगायला नको. त्या चांगल्या लोकांनी आदर केला, पण आदर झाला दुसऱ्याच कोणाच्या तरी रीतीचा. आणि आम्ही तिला सांगितले, त्या चित्रात गुमान बसून घे!

तिने ऐकले नाही. आमच्या फोननंतर ती टेबलावर गेली आणि मोबाइलवर भाषांतर करत करत सांगून टाकले. आम्ही बौद्ध आहोत. घरात नदीचे मासे होतात, सणाला मटण होते. पणजीच्या पिढीला गावातले मेलेले जनावर ओढावे लागायचे आणि तेच खावे लागायचे. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून सांगितले आणि आमच्या माणसांनी ते सोडले. आता मात्र कोणी काय खावे ते कायदा ठरवतो, २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाचे मांसही बंद आहे. तिने जेवण मागितले नव्हते, माहिती दुरुस्त केली होती.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग उठल्या आणि तांब्याचे एक जुने पातेले काढून आणले. पोलेंटाचे पातेले. मक्याचे पीठ पाण्यात शिजवून घोटायचे, आपल्या कण्यांसारखे. त्यांच्या आजोबांच्या काळात व्हेनेतो प्रांतातली गरीब कुळे बाराही महिने तेवढेच खायची. त्यातून पेलाग्रा नावाचा रोग व्हायचा, कातडी फुटायची, माणसे भ्रमिष्ट व्हायची. कितीतरी कुटुंबे गाव सोडून ब्राझीलला गेली. आमच्या मुलीला पेलाग्रा अभ्यासक्रमात होता, जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा एक परिच्छेद म्हणून. त्या रात्री ती आजोबांचे नाव असलेल्या पेलाग्राजवळ बसली होती. "दादा," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी गप बसले असते तर त्यांनीबी हे सांगितलं नसतं."

आम्हाला लाज वाटली, आणि लाजेचे आणखी एक कारण होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय संशोधनासाठी वगळले गेले. आम्ही त्याविरुद्ध निवेदन दिले, सह्या गोळा केल्या, सभेत तावातावाने बोललो. आमच्या मुलांनी बाहेर जाऊन जातीवर बोलू नये असे सरकारला वाटते, हा आमचा मुद्दा होता. आणि दोन वर्षांनी त्याच मुलांपैकी एकीने विचारले, तेव्हा आम्ही तेच सांगितले. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

भीती खोटी नव्हती. तिकडच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या गटात पहिल्याच दिवशी एका मराठी मुलाने तिला विचारले होते, "पूर्ण नाव?" तिने सांगितले. त्यानंतर गणपतीच्या जेवणाचा निरोप सगळ्यांना गेला, तिला गेला नाही. सात हजार किलोमीटर लांब गेले तरी एवढे सामान बरोबर येतेच. आम्ही तिला वाचवायला पाहत होतो ते खरे तर या लोकांपासून, आणि गप्प केले ते त्या बाईंसमोर.

या जूनपासून आम्ही परदेशी जाणाऱ्या मुलांची बैठक घेतो. व्हिसा आणि कागद तासाभरात उरकतात. नंतर एकाने यजमान व्हायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे. तुम्ही काय खाता, तुमचा देव कोणता, जात अजून आहे का. पोरे आधी हसतात, मग अडखळतात. एकाने विचारले की खोटे बोललो तर चालेल का. चालेल, असे आम्ही म्हणालो, फक्त ते तू ठरव, आम्ही नाही.

ऑक्टोबरात तिला वसतिगृहाची खोली मिळाली. बाईंनी अनामत रकमेतून गॅसचे वीस युरो कापून घेतले, त्याचीही पावती दिली. आईने व्हिडिओ कॉलवर विचारले, "किल्ली दिलीस का गं परत?" दिली, ती म्हणाली. बाईंनी दर रविवारी जेवायला बोलावले आहे, भाऊ येतो त्या रविवारीही.